शेवंतीचं तोरण

बाबांनी मला इटलीला जाऊ दिलं, पण अट घालूनच. बाबा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. अट न घालता त्यांनी आयुष्यात कशाला हो म्हटल्याचं मला आठवत नाही. मी लंडनच्या कॉलेजात इटालियन शिकते आहे हेच मुळात त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. स्टॅनमोर या आमच्या उपनगरातल्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांतली मुलं डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मसिस्ट, अगदीच झालं तर अकाउंटंट होत होती, आणि यांची एकुलती एक मुलगी ज्या देशात आपलं काळं कुत्रं ओळखीचं नाही अशा देशाची भाषा घोकत होती. कोणी विचारलं की बाबा ‘लँग्वेजेस’ असं मोघम सांगून विषय बदलायचे. तिसरं वर्ष इटलीत काढणं हा कोर्सचाच भाग होता, त्यामुळे सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्यांनी आडवाट काढली. म्हणाले, “फॅमिलीबरोबर राहायचं. स्टुडंट फ्लॅट-बिट चालणार नाही. आणि त्या फॅमिलीकडे काही प्रॉब्लेम झाला, रूम गेली, तर नो आर्ग्युमेंट्स, सरळ हीथ्रो. मग आपण लॉचं बघू.” मी लगेच कबूल केलं. वीस वर्षांच्या मुलीला अटी नेहमी दुसऱ्या कोणासाठी असतात असंच वाटतं.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझं मराठी टिकलं ते आईच्या एका नियमामुळे: इंग्लिश बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं आणि मगच घरात यायचं. तिच्या स्वतःच्या वाक्यांत निम्मे शब्द इंग्लिश असायचे, पण ती आई होती, तिला ते चालायचं. रविवारी सकाळी आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, बाबांच्या कॅसेटवरची नाट्यगीतं आणि मधूनच हॉस्पिटलच्या पेजरचा ब्लीप, असा तिरंगी सामना चाले. फोडणी घातली की भर जानेवारीतही आई स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, म्हणजे घरात वास राहू नये. तो मग शेजारच्यांकडे जायचा, याचा विचार तिने कधी केला नसावा. आणि मागच्या बागेत तिची शेवंती होती. ऑक्टोबर आला की तिथली बाकीची झाडं मान टाकत, आणि तेव्हाच ही बया पिवळीधमक फुलायची. आई म्हणायची, या देशात दिवाळीला वेळेवर येणारी ही एकटीच. देवाला शेवंती, अंबाड्यावर शेवंती, आणि लक्ष्मीपूजनाला दारावर शेवंतीचं तोरण. झेंडू मिळायचे नाहीत आणि आंब्याची पानं तर सोडाच. सुईत दोरा ओवून फुलं कशी देठातून नाही तर पोटातून ओवायची, हे तिने मला पुस्तक वाचायला शिकवण्याच्या आधी शिकवलं होतं.

बोलोन्या हे लाल विटांचं गाव. तिथल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानींचे लांबच लांब व्हरांडे आहेत, इतके की पावसाळी दिवसातसुद्धा छत्री न उघडता घरापासून कॉलेजापर्यंत जाता येतं. त्या कमानींखाली म्हातारे भांडत, विद्यार्थी सायकली उभ्या करून तासन्‌तास गप्पा मारत, आणि सगळ्याचा आवाज वरच्या छताला आपटून दुप्पट होऊन कानावर येई. पहिले काही दिवस मला एक वाक्य धड कळेना. लंडनला मी वर्गात पहिली असायचे, आणि इथे पावाच्या दुकानात माझी बोबडी वळत होती. गावाच्या मधोमध दोन जुने मनोरे आहेत, त्यातला एक चांगलाच कललेला. दुसऱ्या, उंच मनोऱ्यावर पदवीआधी चढणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी मिळत नाही, असं तिथे पक्कं मानतात. मी आले त्या आठवड्यातच हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी गंभीरपणे बजावलं, आणि मला एकदम बरं वाटलं. ज्या गावात असले नियम आहेत तिथे आपलं जमेल, असं मी आईला फोनवर सांगितलंही.

मी जिथे राहिले त्या घराच्या मालकीणबाईंना सगळे सिन्योरा इदा म्हणत. पत्रांत मी ‘इदाबाई’ लिहायचे आणि आमच्या घरात तेच नाव कायमचं झालं. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मुलंबाळं नव्हती. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, अंगाने जड, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी मी सवयीने दाराशी बूट काढले आणि थंडगार फरशीवरून अनवाणी आत गेले, तर त्या किंचाळल्याच. अनवाणी चालणारी बाई पोटात थंडी घेते आणि मरते, असं त्यांचं म्हणणं. लगेच कुठून तरी लोकरी सपाता आणून माझ्या पायांत घातल्या. आमच्याकडे पादत्राण घरात आणणं पाप, त्यांच्याकडे घरात पादत्राण नसणं पाप. वर्षभर मी दोन धर्म पाळले. बाकी मात्र त्यांचे बहुतेक नियम मला पाठ होते. ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही. मीठ हातात द्यायचं नाही, टेबलावर ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. जेवताना कोणी अभद्र बोललं की ते टळावं म्हणून त्या टेबलाखाली हात नेऊन दोन बोटं ताठ करायच्या. आई अशा वेळी नुसतं “शुभ बोल नाऱ्या” म्हणायची, एवढाच काय तो फरक.

जेवणावरून मात्र आमची जुंपली. मी मांस खात नाही, हे मी खोली घेतानाच सांगितलं होतं आणि इदाबाईंनी समजूतदारपणे मान हलवली होती. पहिल्या रविवारी माझ्यापुढे वाफाळत्या सुपाचा वाडगा आला. मी विचारलं, यात मांस आहे का? त्या म्हणाल्या, छे, हा तर रस्सा आहे, कोंबडी बाहेर काढून ठेवलीय. मी खाल्लं नाही तेव्हा त्यांचा चेहरा असा काही पडला, जसा आपण उपासाची खिचडी नाकारल्यावर आत्याबाईंचा पडावा. पण पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी वेगळा घाट घातला. ताज्या चीजचं, पालेभाजी घातलेलं सारण आणि त्याच्यासाठी अंडी घालून मळलेल्या पिठाची मोठी थोरली पोळी. त्यांचं लाटणं हातभर लांब, पोळपाट म्हणजे निम्मं टेबल. मी बघत उभी राहिले, आणि मला कोणी सांगितलंही नाही, तरी बाह्या सरसावून दुसरा गोळा घेतला. स्टॅनमोरला मी आईच्या हाताखाली पोळ्या लाटलेल्या. एवढी मोठी कधी नाही, पण कडा पातळ ठेवायच्या आणि मनगट हलकं ठेवायचं हे सगळीकडे सारखंच. इदाबाईंनी माझी पोळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. “हिला हात आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. मला तर काही म्हणाल्याच नाहीत, पण त्या दिवसापासून मी भाडेकरू राहिले नाही.

नवरा म्हणजे अर्तुरोकाका. निवृत्त बस ड्रायव्हर. सकाळी बाथरूममध्ये शीळ घालत दाढी करायचे आणि शीळ थांबली की समजायचं, कापलं. संध्याकाळी रेडिओ कानाला लावून माझं इटालियन दुरुस्त करायचे. माझ्या पुस्तकी वाक्यांना ते पोट धरून हसत. “तू बिशपसारखी बोलतेस,” म्हणायचे. बाबांच्या कामाबद्दल त्यांना फार कुतूहल होतं. रोज माणसांना झोपवायचं आणि परत उठवायचं, हा कसला धंदा? ऑक्टोबर संपता संपता त्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि दोनच दिवसांत ऑपरेशन करायचं ठरलं. आतड्याचं होतं. डॉक्टर इदाबाईंशी वेगळं, बाजूला नेऊन बोलले, म्हणजे काय ते मला कळत होतं. घरातून निघताना कोट चढवत काकांनी मला विचारलं, “तुझे वडील झोपवतात ते सगळे उठतात ना?” मी म्हटलं, सगळे. खरं तर हे मी बाबांना कधी विचारलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं. ते उठलेही, पण ताप उतरेना. इदाबाई रोज दुपारी डब्यात रस्सा घेऊन जायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. घरातली शीळ गेली, रेडिओ बंद. त्या लाटणं हातात घेईनात. मी त्यांच्यासाठी काही करू शकत नव्हते आणि बोलायला शब्दही पुरत नव्हते. अशातच आमची दिवाळी आली. त्या वर्षी ती नेमकी नोव्हेंबरच्या तोंडावर होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी बाजारात गेले, आणि काय सांगू, सगळा बाजार शेवंतीने फुललेला. पिवळी, पांढरी, तांबूस, बादल्याच्या बादल्या. आईची सगळी बाग तिथल्या एका गाड्यावर मावली असती. शिवाय प्रत्येक गाड्यावर लाल प्लॅस्टिकच्या छोट्या छोट्या पणत्या, आत मेण भरलेलं. परक्या गावाने आपली दिवाळी अशी मांडून ठेवलेली बघून मला रडूच आलं. फुलवालीने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, सिन्योर अर्तुरोसाठी. “बिचारे!” ती म्हणाली, आणि एक जुडी जास्तीची घातली. काका आजारी असल्याचं हिला कसं कळलं, याचं मला नवल वाटलं. पण त्या आळीत सगळ्यांना सगळं कळायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इटलीत शेवंती हे मेलेल्यांचं फूल. नोव्हेंबर लागला की सगळा देश आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती वाहायला जातो आणि त्या लाल पणत्या थडग्यापाशी लावतो. आपल्या पितृपंधरवड्यासारखेच ते दिवस. जिवंत माणसाला तिथे कोणी शेवंती देत नाही, घरात तर आणतच नाही. माझ्या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी घरी येऊन सुई-दोरा काढला, स्वयंपाकघरात बसून छान भरगच्च तोरण ओवलं आणि फ्लॅटच्या बाहेरच्या दारावर बांधलं. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाल पणत्या लावल्या. इदाबाई थकून येतील, जिना चढून वर बघतील, आणि त्यांना बरं वाटेल. घरात आजारपण आहे, दार उजळलेलं असावं, लक्ष्मी आत यावी, काका बरे होऊन याच दारातून यावेत. एवढंच माझ्या मनात होतं. मग मी आत जाऊन शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

रवा खमंग झाला आणि जिन्यात कुजबूज ऐकू आली. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या कार्लाबाई, डोक्याला काळा रुमाल बांधून, हातरुमालात तोंड खुपसून रडत होत्या. त्यांच्या मागे आणखी दोन बायका, एकीच्या हातात जपमाळ. कार्लाबाईंनी मला मिठीत घेतलं आणि त्यांच्या गावठी बोलीत भरभरून काहीतरी बोलत राहिल्या, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. मी आपली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढ्यात खाली मोठं दार वाजलं आणि इदाबाईंची जड पावलं जिना चढू लागली. कार्लाबाई मला सोडून खाली धावल्या आणि जिन्याच्या वळणावर त्यांनी इदाबाईंना कवटाळलं. इदाबाईंनी वर पाहिलं. दारावर शेवंती, उंबऱ्याशी लाल दिवे, आणि मी. अर्ध्या तासापूर्वी त्या नवऱ्याचा हात हातातून सोडून निघाल्या होत्या. त्यांना वाटलं, मागाहून हॉस्पिटलचा फोन घरी आला आणि तो मी घेतला. “अर्तुरो!” असा एकच आवाज त्यांनी काढला आणि त्या पायरीवर खाली बसल्या. तो आवाज मला आजही ऐकू येतो, आणि त्या वेळी मला जी भीती वाटली तशी पुढे बाळंतपणातसुद्धा वाटली नाही.

माझं सगळं इटालियन पळून गेलं. “नाही, नाही, जिवंत आहेत, जिवंत आहेत,” एवढंच मी म्हणत होते. इदाबाई भिंतीला धरून उठल्या, पणत्या ओलांडून आत गेल्या आणि हॉस्पिटलला फोन लावला. वॉर्डमधल्या नर्सने सांगितलं की काका जागे आहेत आणि ताप थोडा उतरलाय. फोन ठेवून त्या बाहेर आल्या. बायका पांगल्या होत्या. इदाबाईंनी स्वतःच्या हातांनी तोरण सोडलं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, पणत्या फुंकून विझवल्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “हा महिना संपायच्या आत दुसरी खोली बघ.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शिरा कढईतच राहिला.

बोलोन्यात भर सत्रात खोली मिळणं म्हणजे वाळवंटात नारळ मिळण्यासारखं होतं, आणि कुटुंबात तर शक्यच नव्हतं. म्हणजे हीथ्रो, म्हणजे लॉ. पण खरं सांगायचं तर मला त्यापेक्षा जास्त खुपत होतं ते इदाबाईंचं माझ्याकडे न बघणं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून घरी फोन लावला. फोन बाबांनी घेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेशंटचं वय, ताप, टाके यांची चौकशी केली आणि मग म्हणाले, “ओके. शनिवारची फ्लाइट बघतो.” मग आईने त्यांच्या हातातून फोन घेतला. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फुलं, पणत्या, जिना.

“अगं, मग त्यांचं आयुष्य वाढलं की,” ती म्हणाली. “जिवंत माणूस गेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. माझी आजी नेहमी म्हणायची. तू हे त्यांना एक्सप्लेन केलंस का?”

मी म्हटलं, आई, हे युरोप आहे, इथे असलं कोणी मानत नाही.

“टॉवरवर चढलं तर डिग्री मिळत नाही म्हणणारे लोक ना ते? मग मानतात. जा, सांग. आणि आधी पाया पड.”

मी घरी आले तेव्हा इदाबाई स्वयंपाकघरात होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी पीठ काढलं होतं. काकांना मऊ काहीतरी खायची परवानगी मिळाली होती. मी आत गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. माझी एखादी वस्तू टेबलाखाली पडलीय असं वाटून त्या बाजूला सरकल्या. मी पुन्हा वाकले. मग उभी राहून मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं: आमच्याकडे हे फूल देवीचं आहे, माझी आई ते इंग्लंडच्या थंडीत जपून वाढवते, दारावर बांधतो ते घरात चांगलं यावं म्हणून, आणि मी ते काकांनी त्या दारातून चालत यावं म्हणून बांधलं होतं. त्या लाटत राहिल्या. मान वर केली नाही. मग मी आईचं वाक्य सांगितलं, जसं जमेल तसं. तेव्हा लाटणं थांबलं.

“हे कोण म्हणतं?” त्यांनी विचारलं.

“माझी आई. तिची आजी म्हणायची.”

“माझी आजीसुद्धा म्हणायची,” इदाबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग, बाजारात भाव विचारावा तसं, त्यांनी विचारलं, “किती वाढतं?”

हे काही आईला मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पुष्कळ. एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. तुझ्या आईला नीट विचार, म्हणाल्या, आणि मला परत फोन करायला पिटाळलं. आईने जराही न अडखळता सांगितलं, “दहा-बारा वर्षं तरी म्हणावं.” मागून बाबांचा आवाज आला की याला मेडिकली काहीही बेसिस नाही. तो भाग मी भाषांतर करून सांगितला नाही. दहा-बारा ऐकून इदाबाईंनी छातीवर क्रूस काढला, पिठाचा दुसरा गोळा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “कडा पातळ ठेव.” खोलीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि बाबांनाही शनिवारची फ्लाइट बघायची गरज पडली नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्या मला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. काकांच्या कानावर सगळं गेलं होतं; जिन्यातली गोष्ट जिन्यातच राहणं त्या आळीत शक्यच नव्हतं. मला बघताच ते हसायला लागले आणि टाक्यांवर उशी दाबून धरून कण्हत हसत राहिले. मग त्यांनी विचारलं, तोरण कसं होतं दिसायला? मी म्हटलं, फार सुंदर. त्यांना बघायचं होतं. घरी आलो की परत बांध, म्हणाले. इदाबाई म्हणाल्या, मी जिवंत असेपर्यंत ते फूल या घरात येणार नाही. “बरं,” काका मला म्हणाले, “मग माझ्या वाटचं राखून ठेव. ते माझं आहे. वेळ आली की घेऊन ये.” इदाबाईंनी चादरीखाली दोन बोटं ताठ केली. महिनाभराने बाथरूममधून शीळ ऐकू आली आणि मी पुस्तक मिटून नुसती ऐकत बसले.

मनोऱ्यावर मी वर्षभर चढले नाही. पदवी मिळाली. पुढे मी शाळेत इटालियन शिकवायला लागले, आणि माझं लग्न झालं तेव्हा हॅरोच्या हॉलमध्ये हे दोघं आले होते. इदाबाई काळ्या रेशमी पोशाखात, काका आमच्या सगळ्या पुरुषांसारखा फेटा बांधून, दिवसभर तो न काढता. माझ्या केसांत आईने तिच्या बागेतल्या शेवंतीची वेणी माळली होती. इदाबाईंनी ती पाहिली, डोळे मिटले, उघडले. आईला इटालियन येत नव्हतं आणि त्यांना मराठी. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. वेणी एका बाजूने सुटली, तेव्हा ती परत खोचून दिली ती इदाबाईंनी. बाबांनी काकांना बाजूला घेऊन त्यांचं ऑपरेशन पुन्हा नीट समजून घेतलं, माझ्यामार्फत. शेवटी म्हणाले, रिमार्केबल. दर दिवाळीला काकांचा फोन येई. आधी शीळ, मग एकच वाक्य: “अजून इथेच आहे.” माझी मुलगी रीडिंग गावी जन्मली, तिचा तो आवडता फोन. “आई, सांग ना ती डेड मॅनची दिवाळी,” असं ती अजूनही म्हणते, आणि आता तिलाही मुलगा आहे.

आईने सांगितलं होतं त्यापेक्षा काका थोडे जास्तच जगले. एका हिवाळ्यात फोन आला, आधी शीळ नव्हती, आणि मी काय ते समजले. इदाबाई फार बोलल्या नाहीत. “त्यांचं तुझ्याकडे काहीतरी आहे,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी बोलोन्यात उतरले. धुकं होतं, कमानींखाली तेच आवाज. बाजारातून मी पिवळी शेवंती घेतली आणि फुलवालीने कोणासाठी असं विचारल्यावर नाव सांगितलं. त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी बसून तोरण ओवलं. इदाबाई समोर बसून एकेका फुलाचं देठ खुडून मला देत होत्या. मला वाटलं होतं, हे थडग्यावर न्यायचं. त्या म्हणाल्या, नाही, आधी दारावर. ज्या घरात त्यांनी ते फूल पुन्हा कधी येऊ दिलं नव्हतं, त्या घराच्या दारावर, खुर्ची धरून उभ्या राहून, त्यांनी मला ते बांधायला लावलं. पणत्याही लावल्या.

जिन्यात पावलं वाजली. कार्लाबाई आता फार थकल्या होत्या, एकेका पायरीवर थांबत वर आल्या. त्यांनी तोरणाकडे बघितलं, मग पणत्यांकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला ओळखलं. डोळे भरून आले होते, पण त्या रडल्या नाहीत. कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि घाबरत घाबरत विचारलं, “इदा, या वेळी खरं आहे का?”

इदाबाईंनी माझा हात धरला. “हो कार्ला,” त्या म्हणाल्या. “आता रड.”